विडा नको, उत्तर द्या

फार पूर्वी पाच राज्यं होती आणि पाचांना मिळून समुद्र एकच होता. राजे आपापसात भांडून भांडून दमले, तेव्हा कुठं त्यांना एक शहाणा विचार सुचला. आपल्या मुलखात हाताला गुण असलेली माणसं आहेत. कुणी सुंभ वळतं, कुणी घोंगडी विणतं, कुणी रांजण घडवतं. पण समुद्रापलीकडची पेठ त्यांच्यातल्या कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. तर पाचांनी मिळून एक मंडळ काढावं, मंडळानं जहाजं बांधावीत, आणि गरिबाचा माल पलीकडे नेऊन खपवावा.

विचार चांगलाच होता हो. वाईट विचारानं काढलेलं काम लवकर बुडतं. चांगल्या विचारानं काढलेलं सावकाश सडतं, आणि त्याचा वास यायला वेळ लागतो.

मंडळाचं नाव ठेवलं व्यापारवृद्धी मंडळ. त्याच्यावर एक महाकारभारी बसवला. महाकारभाऱ्यावर नजर ठेवायला प्रत्येक राजानं आपला एक पंच पाठवला. मग कुणाला तरी आठवलं, की ज्यांचा माल आहे त्यांचंही माणूस हवं. म्हणून अगदी शेवटी, दाराशी, चपलांच्या शेजारी एक सहावं आसन मांडलं. ते कारागिरांचं.

त्या आसनावर दर वर्षी एखादा गरीब गाय कारागीर यायचा, जेवायचा, हात जोडायचा आणि घरी जायचा. एका वर्षी पाळी आली खाडीकाठच्या सुंभ वळणाऱ्यांच्या गावाची. गावानं पाठवलं आवडाक्काला.

नाव आवडा, पण तिची जीभ काही कुणाला आवडत नसे. "बाहेर कुणाला तरी चावून येऊ दे, आपल्याला तेवढीच उसंत," असं म्हणत बायकांनी हसत हसत तिला पुढं केलं. तिची धाकटी जाऊ म्हणाली, "आक्का, तिकडं गालिचे असतात म्हणे. थुंकू नका हो कुठं."

"थुंकण्यासारखं काही दिसलं नाही तर नाही थुंकणार," आक्का म्हणाली आणि निघाली.

आता त्या गावाचं ऐका. नारळाची सोडणं खाडीत कुजवायची, बडवायची, काथ्या पिंजायचा आणि तळहातावर वळत बसायचं. वळून वळून बायकांच्या हाताच्या रेषा पुसून गेलेल्या. त्यांचा दोर जहाजात चढला, की मंडळाकडून गावाला धान्य यायचं आणि एक निरोप यायचा, 'पलीकडे तुमच्या दोराची फार वाहवा झाली.' दर वर्षी तेवढंच धान्य, दर वर्षी तोच निरोप. यंदाचाही दोर जहाजावर चढवून झाला होता. तो गेला, तरच गावाच्या चुली पेटणार होत्या.

सभेआधी महाकारभाऱ्यानं आक्काला बाजूला बोलावलं. माणूस गोड होता. गुळाच्या ढेपेसारखा.

"या आक्का, बसा. काही घाबरू नका. सभेत तुम्हाला काहीच करायचं नाही. विडा येईल तो घ्यायचा, मी बोलेन ते ऐकायचं, शेवटी मान हलवायची. हे सगळं मी तुमच्यासाठीच तर करतो. मान हलवलीत, की तुमच्या गावाचा दोर पहिल्या जहाजानं रवाना."

"आणि नाही हलवली तर?"

महाकारभारी हसला. "तर उतरवून ठेवू किनाऱ्यावर. खेकड्यांना झोपाळे बांधायला होईल."

सभा भरली. आक्काच्या शेजारी डोंगरी राज्याचा म्हातारा पंच बसला होता. तिनं विचारलं, "बाबा, हा विडा काय प्रकार आहे?"

"रीत आहे बाई मंडळाची," म्हातारा म्हणाला. "महाकारभाऱ्याच्या निवेदनाआधी सगळ्यांना विडा देतात. तोंडात विडा असताना बोलणं म्हणजे सभेचा अपमान. विडा संपेपर्यंत निवेदन संपतं, आणि निवेदन संपलं की सभा संपते."

"मग विचारायचं कधी?"

म्हाताऱ्यानं डोकं खाजवलं. हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

तबक आलं. विडे कसले, लाडूच ते. गुलकंद, बडीशेप, खोबरं, सगळं ठासून भरलेलं. पाचही पंचांनी विडे तोंडात कोंबले आणि त्यांचे गाल बेडकासारखे फुगले. तबक दाराशी आलं.

"नको मला," आक्का म्हणाली.

सेवकाला वाटलं बाई लाजतेय. "घ्या हो, गोड आहे."

"गोड आहे म्हणूनच नको. मला बोलायचंय."

मंडळ निघाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. महाकारभाऱ्याच्या हातातलं निवेदन तसंच राहिलं. आक्का उठून उभी राहिली.

"एवढंच विचारते. आमचा दोर पलीकडे जातो, तर तो घेतं कोण? दोर म्हणजे काही देव्हाऱ्यातला देव नाही. कुणी वापरला तर टिकेल, नाहीतर तुटेल. टिकला तर आणखी मागतील, तुटला तर शिव्या घालतील. आमच्याकडं ना मागणी येते ना शिवी. नुसती वाहवा येते. असलं कसलं हे गिऱ्हाईक?"

"पलीकडची वखार पाहणं माझं काम नाही," महाकारभारी म्हणाला. "ते पंचांचं काम."

आक्का पहिल्या पंचाकडं वळली. त्याच्या तोंडात विडा! त्यानं बोट करून दुसरा दाखवला. दुसऱ्यानं तिसरा दाखवला, तिसऱ्यानं चौथा, चौथ्यानं म्हातारा. म्हाताऱ्याचं बोटही सवयीनं उठलं आणि पहिल्याकडं जाऊन थांबलं.

"अगं बाई!" आक्का म्हणाली. "पाच जावांनी दूध चुलीवर ठेवलं आणि प्रत्येकीला वाटलं दुसरी बघतेय. दूध गेलं उतू आणि मांजर झालं गलेलठ्ठ."

महाकारभाऱ्याचा गूळ आता आंबला. "बाई, तोंड सांभाळा. हे मंडळ कुठल्या एका राजाचं नाही. इथं कुठल्याही राजाचा कायदा चालत नाही. मी जाब द्यायचा तरी कुणाला?"

"पाचांचं आहे म्हणता ना? मग पाचांना द्या. एकाच्या नोकराला एक मालक विचारतो, तुम्हाला पाच मालक विचारतील. पाच मालक म्हणजे एकही नाही, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकलात?"

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही," महाकारभारी दात ओठ खात म्हणाला.

"जाऊच नये. पीळ गेला की उरतो नुसता भुसा. त्यानं बांधा बघू तुमचं जहाज धक्क्याला."

महाकारभाऱ्यानं सेवकाला हाक मारली. "या बाईच्या गावाचा दोर जहाजातून उतरवा! सगळा!"

तो दोर काही तिच्या एकटीचा नव्हता. त्यात जावेचे हात होते, शेजारणींचे हात होते, आणि तिनं कुणालाही विचारलं नव्हतं. आत्ता खाली बसली असती, हात जोडले असते, तर दोर राहिला असता जहाजात. सगळे तिच्याकडं बघत होते. ती तबकाकडं बघत होती.

"उतरवा," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "पण मग एवढं तरी सांगा. चढवून तरी तो जात होता कुठं?"

मग थू: असा आवाज झाला. म्हाताऱ्या पंचानं विडा पिकदाणीत थुंकला होता.

"मलाही सांगा," तोंड पुसत तो म्हणाला. "माझ्या डोंगरातली घोंगडी वर्षानुवर्षं जातात. मी समजत होतो, खाडीकडचे पंच बघतायत."

"मी समजत होतो तुम्ही बघताय," खाडीकडचा पंच म्हणाला. म्हणजे त्यानंही थुंकला होता. मग राहिलेल्यांनी थुंकले. पिकदाणी भरली आणि महाकारभाऱ्याचं तोंड रिकामं राहिलं.

ठरलं, की म्हातारा पंच आणि आक्का जहाजातून जातील आणि डोळ्यांनी बघून येतील. दोर मात्र तोवर उतरवून झाला होता, आणि ओहोटी कुणासाठी थांबत नाही.

पलीकडे पोचले. वखार होती. कुलूप होतं, पण त्यावर गंजाचे पापुद्रे. दार फोडलं तर आत आढ्यापर्यंत माल. घोंगड्यांना कसर लागलेली, रांजणांत कोळ्यांचे संसार, आणि गावाचा दोर जसा बांधून पाठवला तशाच गाठीत. गाठ आक्काच्या हातची होती. तिनं ती ओळखली आणि कपाळावर हात मारला.

शेजारी मंडळाची हवेली होती. तिथं महाकारभाऱ्याचा भाचा झोपाळ्यावर लोळत होता. हवेलीची कोठारं मात्र पाच राजांच्या पैशानं काठोकाठ भरलेली होती.

"पेठ कुठं आहे?" आक्कानं विचारलं.

"पेठ पुढच्या वळणावर. आम्ही अजून तिचा अभ्यास करतोय."

"अरे, आमच्या घोंगड्यांना कसर लागली तरी अभ्यास संपेना?"

"अभ्यास असा घाईनं होत नसतो मावशी," भाचा म्हणाला आणि त्यानं कूस बदलली.

आक्कानं दोराचं एक भेंडोळं खांद्यावर घेतलं आणि पुढच्या वळणावर जाऊन टाकलं. खलाशी जमले. दोघांनी दोन टोकं धरून ओढून पाहिलं, तिसरा मधे लोंबकळला. दिवेलागणीच्या आत भेंडोळं खपलं. इतकं ते सोपं होतं.

महाकारभारी गेला, भाचा गेला, झोपाळाही उतरवला. मंडळात नवी रीत पडली. आधी उत्तरं, मग विडा. आणि मालाबरोबर दर खेपेला एक पंच स्वतः जाणार. 'मला वाटलं दुसरा बघतोय' असं जो म्हणेल, त्याचं आसन गेलं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण आक्का गावी परतली, तेव्हा तिच्या गळ्यात हार पडला नाही. दोर किनाऱ्यावर राहिल्यानं त्या साली धान्य आलं नव्हतं. बायकांनी पेज पिऊन दिवस काढले होते. सगळ्या देवळापुढं जमल्या आणि जाऊ पुढं झाली.

"आक्का, तिकडं तुमचा फार गाजावाजा झाला म्हणे. आमचा दोर पणाला लावलात, तो कुणाला विचारून?"

आक्काच्या डोक्यात सणक गेली. एवढा समुद्र पार करून आले, आणि ही काल आलेली मला विचारते! ती बोलायला गेली, "हे सगळं मी तुमच्यासाठीच तर..." आणि जीभ जागच्या जागी थबकली. हे वाक्य तिनं कुणाच्या तोंडून ऐकलं होतं, ते तिला आठवलं.

तिनं पदर खोचला आणि पायरीवर उभी राहिली.

"कुणालाही विचारलं नाही. विचारायला वेळ नव्हता, हे खरं. पण पेज तुम्ही प्यायलात, हेही खरं. आता तुम्ही विचारा. एकीनंही मागं राहू नका."

आणि त्यांनी विचारलं. भलंबुरं, टोचून, ओरडून, रडून. आक्का उभी होती. जे माहीत होतं ते सांगितलं, जे चुकलं ते चुकलं म्हणाली, आणि जिथं ती बरोबर होती तिथं इंचभरही मागं सरली नाही. शेवटी बायकाच बोलून दमल्या.

"गावाची पुढली पाळी आली की आसनावर मी जाणार," जाऊ म्हणाली.

"जा की," आक्का म्हणाली. "आसन तुझं. पण परत आलीस की पहिला प्रश्न माझा."

तात्पर्य: जो म्हणतो 'मी सगळ्यांचा', त्याला सगळ्यांनी विचारावं, कारण ज्याला कुणीच विचारत नाही तो कुणाचाच नसतो. आणि दुसऱ्याला जाब विचारणाऱ्यानं आपला जाब द्यायलाही ताठ उभं राहावं.