बिनशब्दाची राजकन्या

या रे, सरका जरा. केतू, पाय आत घे. मनवा, ती उशी माझी आहे, आण इकडे. गोष्ट राजाचीच आहे, पण मध्ये बडबड नको. बडबड केलीत तर मी जाईन झोपून आणि तुम्ही बसाल टकामका बघत.

तर डोंगर संपतात ना, त्याच्याही पलीकडे उंबाळ नावाचा देश होता. तिथल्या लोकांची भाषा निराळी, आणि त्या भाषेत शब्द करायची रीत तर त्याहून निराळी. एखादी नवी वस्तू देशात आली की काय करायचे, ठाऊक आहे? ती वस्तू कधीच न पाहिलेला माणूस शोधायचे, त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचे आणि त्याला तिच्यासमोर उभं करायचे. मग पट्टी सोडायची. तो दचकायचा. दचकून त्याच्या तोंडून जो पहिला आवाज निघेल, तो त्या वस्तूचा शब्द. झालं काम. नंतर बदल नाही.

हत्ती आला तेव्हा एका म्हातारीची पट्टी सोडली. ती "ढुबोऽ" म्हणाली आणि मटकन खालीच बसली. मग हत्ती म्हणजे ढुबो. विस्तवाला कुणाचं तरी बोट लागलं आणि तो "हुस्स" म्हणाला, म्हणून विस्तव म्हणजे हुस्स. मग त्यातूनच धूर झाला हुस्समा आणि स्वयंपाकी झाला हुस्सन. चिंचेचा शब्द तर नुसता जिभेचा टक्क असा आवाज होता. करून बघा. हां, तस्सा. पुरे आता.

आणि बरं का, त्या देशात वस्तू हाकेला ओ द्यायच्या. लाटणं हरवलं तर शोधत बसायचं नाही. लाटण्याचा शब्द उच्चारला की ते पलंगाखालून गडगडत बाहेर यायचं. पण एखाद्या वस्तूला शब्दच मिळाला नाही, तर तिला कोण आणि कशी हाक मारणार? मग ती फिकी व्हायची, पुसट व्हायची, आणि एक दिवस नाहीशीच व्हायची. कायमची.

माणसांचंही तसंच. बाळ जन्मलं की आई त्याला पहिल्यांदा बघते ना, तेव्हा तिच्या तोंडून जे निघेल ते बाळाचं नाव. सुईण कान लावून बसलेली असायची. नाव ऐकलं की ती बाहेर येऊन सांगायची, मगच बाप आत जायचा. तोवर बापानंसुद्धा बाळ बघायचं नाही. बघितलं आणि त्याच्या तोंडून भलतंच काही निघालं तर? म्हणून मध्ये पडदा.

तर तिथल्या राजाचं नाव होतं अगोगो. हसू नका! त्याला पहिल्यांदा बघून त्याच्या आईला तेवढंच सुचलं. आणि राजाच्या दरबारात एक म्हातारा शब्दप्रमुख होता. त्याचं नाव आक्छी. हो, त्याच्या आईला नेमकी तेव्हाच शिंक आली. बिचाऱ्याचा जन्म गेला त्यात. दरबारात कुणी शिंकलं की हा "काय, काय?" करत उठायचा. त्यामुळे नावाच्या बाबतीत तो फार कडक होता.

मग काय झालं, राजाची राणी इल्ला बाळंत झाली. मुलगी झाली. सुईणीनं बाळाला राणीसमोर धरलं आणि कान लावला. राणीनं मुलीकडे बघितलं. बघतच राहिली. सुईण थांबली, थांबली. राणीच्या तोंडून काही नाही! अशी आई सुईणीनं जन्मात बघितली नव्हती. ती धावत बाहेर आली आणि राजाला म्हणाली, "महाराज, घात झाला. राणीसाहेब बोलल्याच नाहीत."

सगळा देश हादरला. आक्छीनं लगेच हुकूम काढला, "राणीसाहेबांनी मुलीजवळ असताना तोंडावर पदर धरायचा. खोकला नको, जांभई नको, शिंक तर मुळीच नको. खरा शब्द सापडेपर्यंत मुलीकडे आईशिवाय कुणी बघायचं नाही." त्याला वाटलं, आपल्यासारखी गत या पोरीची होऊ नये. वाईट नव्हता तो. पण माझं डोकं फिरतं, खरं सांगते. एवढ्या मोठ्या माणसांना एवढं कळू नये?

मुलगी वाढली. महालात ती चालली की दासी माना खाली घालायच्या आणि पहारेकरी भिंतीकडे तोंड करायचे. आई जवळ घ्यायची, वेणी घालायची, पण एका हातानं तोंडावर पदर. त्या पोरीला हाक मारून कुणी जेवायला बोलावलं नाही. खेळायला तर नाहीच नाही. काय रे केतू? "अगं" म्हणायचं ना, म्हणतोस? त्यांच्या भाषेत "अगं" नव्हतं. म्हटलं ना, मध्ये बोलू नको.

राजा रोज पडद्याशी येऊन बसायचा. पैंजण वाजले की विचारायचा, "पलीकडे कोण?"

"मी," ती म्हणायची. "बाबा, तुमचं नाक कसं आहे?"

"जरा जाडच आहे."

"आणि माझं कसं आहे?"

राजानं ते कधी बघितलंच नव्हतं. तो पडद्याखालून एक लाडू सरकवायचा आणि डोळे पुसत निघून जायचा.

मग एके दिवशी राणी पडद्याशी आली. ती म्हणाली, "अहो, हिची सावली पडत नाही. ही उन्हात उभी आहे आणि खाली फरशीवर नुसतं ऊन आहे."

पोर पुसट व्हायला लागली होती. राजानं आक्छीला बोलावलं आणि सांगितलं, "काहीही करा, पण हिला शब्द द्या."

मग आक्छीनं काय केलं, भाषेतले गोड गोड शब्द जमवले. चंद्राला म्हणायचे लुमा, कारण तो पहिल्यांदा बघणाऱ्या पोराच्या ओठांचा चंबू झाला होता. दुधाला म्हणायचे म्मू आणि फुलाला फी. तिन्ही जोडून त्यानं शब्द केला, लुम्मूफी. अंगणात सगळे जमले, पाठ करून उभे राहिले आणि ओरडले, "लुम्मूफी!"

मुलगी जागची हलली नाही. पण बागेतल्या तळ्यात बुडबुड बुडबुड झालं, आणि पाण्यातून एक पांढरं, गोल, केसाळ काहीतरी बाहेर आलं. डोक्यावर फूल! ते तुरुतुरु धावत आलं आणि राजाच्या पायाशी बसून शेपूट हलवायला लागलं. दासी किंचाळत पळाल्या. शब्द केला होता मुलीसाठी, आणि आलं हे कोण? शब्दाला वस्तू मिळाली नाही, म्हणून त्यानं आपली आपणच केली होती. त्या गडबडीत राणीनं तळ्यात बघितलं. पाण्यात तिचं प्रतिबिंब होतं, पण शेजारी उभ्या असलेल्या मुलीचं नव्हतं.

मग आक्छी म्हणाला, "राणीसाहेब तेव्हा दचकल्या नाहीत. आता दचकवू." त्यानं राणीला तोंडावरचा पदर काढायला लावला, मुलीला तिच्यासमोर बसवलं आणि मागून गुपचूप परदेशातून नुकताच आलेला, अजून शब्द न मिळालेला नगारा आणून धडाम्म वाजवला. राणी किंचाळली, "क्वीहूऽ!" मुलीनं ओ दिली का? नाही. नगाराच गडगडत आला आणि राणीच्या पायाशी उभा राहिला. ज्याच्यामुळे दचकली, शब्द त्याला चिकटला! आणि मुलीचे हात आता काचेसारखे आरपार दिसायला लागले. राणीनं पुन्हा तोंडावर पदर धरला, आणि पदराआड ती रडत होती.

मग आक्छीला एक भयंकर कल्पना सुचली. भयंकर म्हणजे भयंकरच. तो म्हणाला, "नवा शब्द होत नाही, तर जुना देऊ. महाराजांच्या पणजीबाईंचं नाव हुमरी होतं. त्या वारल्या, नाव मोकळं पडलंय. ते लावू मुलीला." सुईण म्हणाली, नको. राणी पडद्याआडून म्हणाली, नको. पण राजा इतका घाबरला होता की तो म्हणाला, "लावा."

सगळे दिवाणखान्यात उभे राहिले आणि म्हणाले, "हुमरी!"

कोपऱ्यात पणजीबाईंचा झोपाळा होता. कितीतरी वर्षं त्यावर कुणी बसलं नव्हतं. तो करकरला. मग हलला. मग पुढे गेला, मागे गेला, आणि रिकाम्या पाटावरून एक म्हातारा आवाज आला, "कोण ते? डोळा लागला होता माझा. कशाला उठवलंत?"

मला सांगताना अजून अंगावर काटा येतो. बघा हात. लोक दारातून, खिडकीतून, जिथून वाट मिळेल तिथून पळाले. आक्छी झोपाळ्यासमोर हात जोडून म्हणत राहिला, "चुकलो पणजीबाई, झोपा पणजीबाई." ती झोपली, झोपाळा थांबला. आणि तेवढ्यात पडद्याआडून राणीचा हंबरडा ऐकू आला. "अहो, ही दिसत नाही! मला दिसत नाही ही! मला सुद्धा दिसत नाही!"

आक्छी धावत पडद्यापुढे येऊन उभा राहिला. "महाराज, बघू नका. रीत मोडेल."

राजा म्हणाला, "मोडू दे. पोर चाललीय माझी." आणि त्यानं दोन्ही हातांनी पडदा धरून टरकन फाडला.

आत काय दिसलं सांगू? राणी जमिनीवर बसली होती. आणि तिच्यासमोर, हवेत, नुसती एक वेणी लोंबत होती. लाल गोंडा लावलेली. वेणीला डोकं नाही, खाली पाठ नाही, काही नाही. आईनं सकाळीच घातलेली वेणी तेवढी उरली होती, आणि तीही शेवटाकडून विरत चालली होती.

राजानं तोंड उघडलं. ओरडायला उघडलं, पण आवाज बाहेर आलाच नाही. भीतीनं त्याचा श्वास सर्रकन आतच ओढला गेला. असा: ह्ह्ह! ऐकलात? आत. बाहेर नाही.

आणि वेणी वळली.

"ओ," हवेतून आवाज आला. "ओ, बाबा. मला हाक मारली?"

मग राणीनं तोंडावरचा पदर फेकून दिला. ती म्हणाली, "हेच! अहो, हेच! हिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझाही श्वास असाच आत गेला. एवढी सुंदर दिसली हो मला. मला वाटलं, मी काही बोललेच नाही." सुईण तर कपाळ बडवायला लागली. सगळा जन्म तिनं तोंडातून बाहेर येणारे आवाज ऐकले होते. आत जाणाराही शब्द असतो, हे तिच्या काय, अख्ख्या उंबाळच्या मनात आलं नव्हतं.

मग राणीनं हाक मारली. आईची पहिली हाक, बरं का. ह्ह्ह! वेणीच्या वर कपाळ आलं, कान आले. राजानं मारली, ह्ह्ह! हात आले, पाय आले, पैंजण आले. मग पळालेले लोक परत आले, माना वर केल्या आणि सगळ्यांनी मिळून पोरीकडे बघत श्वास आत ओढला. जमिनीवर सावली पडली, चांगली लांबलचक. आणि पोर उभी होती, गालावरून पाणी वाहत होतं, आणि नाक अगदी राजासारखं जाड. राजा ते नाक बघून हसतही होता आणि रडतही होता. आक्छी कोपऱ्यात मुसमुसत बसला होता. पोर त्याच्याजवळ गेली आणि आपल्या बाहीनं तिनं त्याचे डोळे पुसले.

त्या संध्याकाळी राणीनं ताटं मांडली, दारात आली आणि बागेकडे बघून लेकीला जेवायला हाक मारली. एकदा मारली, पोर आली. राणी म्हणाली, "जा, पुन्हा बागेत जा." आणि तिनं पुन्हा मारली. त्या दिवशी भात पार गार झाला, पण तक्रार कुणी केली नाही. राजा होता, राणी होती, पोर होती, आणि पायाशी ते केसाळ लुम्मूफी. सगळी पोटभर जेवली आणि सुखात राहिली.

आणि त्या पोरीला एक फायदा झाला. तिच्या नावानं कुणाला ओरडताच आलं नाही. श्वास आत ओढून रागवून दाखवा बरं. बघा, येत नाही ना? तिनं दूध सांडलं, अंगणभर चिखल केला, पण तिचं नाव घेतलं की वाटायचं, आत्ता कुठे ही पहिल्यांदा दिसली.

मनवा, झोपलीस? झोपली वाटतं. बघू तोंड. ह्ह्ह.

तुझं काय रे केतू? टकामका बघतोयस अजून? मीट डोळे.