पांढऱ्या मातीची पारडी

एका घनदाट अरण्यात, नदीच्या वळणावर, रानम्हशींचा एक कळप राहत असे. त्या कळपात एक तरुण वगार होती. शिंगांनी डौलदार, पण वर्णाने काजळाहून काळी. म्हशी साऱ्या काळ्याच, हे बाळांनो, तुम्ही जाणताच. परंतु काळ्यातही उजवेडावे करणारे डोळे असतात. तिच्या बरोबरीच्या दोन-तीन वगारी किंचित भुऱ्या होत्या आणि तेवढ्या भुरेपणावर त्या मिरवत. ही जवळ आली, की त्या म्हणत, "सरक बाई पलीकडे! तू आलीस की भरदुपारी दिवेलागण होते." ती ते हसण्यावारी नेई आणि मग एकटीच पाण्यात आपले प्रतिबिंब पाहत उभी राही.

आई तिला चाटीत म्हणे, "पोरी, ज्या सावळ्याने मेघ सावळा केला, त्यानेच तुला आपला रंग दिला. त्याचा हात चुकला, असे म्हणणार आहेस का?"

"मेघाला कोणी हसत नाही, आई," वगार म्हणे.

एके सकाळी नदीच्या वरच्या अंगाला तिला पांढऱ्या मातीची दरड सापडली. ती माती अंगाला माखून ती कळपात परतली. भुऱ्या वगारींनी एकमेकींकडे पाहिले. "ये गं, बस," त्या म्हणाल्या. तिला जन्मात पहिल्यांदा त्यांच्या सावलीत जागा मिळाली! इतक्यात तिची धाकटी बहीण, तिच्यासारखीच काळीकुट्ट पारडी, उड्या मारीत आली. "ताई, ताई! मलापण बसू दे ना इथे!" भुऱ्या खिदळल्या. तशी वगार मान फिरवून म्हणाली, "ताई कोणाला म्हणतेस? आधी आपले अंग बघ. जा इथून!" पारडी खालमानेने निघून गेली.

त्या कळपाचा एक नेम होता. सूर्य कलला, की लहानथोर सारे काळ्या चिखलात लोळत. कारण चिखल माखलेले अंग अंधारात मिसळून जाते आणि वाघाची नजर त्यावर ठरत नाही. त्या संध्याकाळीही सारे चिखलात उतरले. भुऱ्याही उतरल्या, जिवाच्या भयापुढे भुरेपण कोणाला हवे होते? वगारीच्या अंगावरची पांढरी माती पाहता पाहता विरघळली. पारडी तेवढी कोठे दिसेना. आईने हाकांवर हाका घातल्या.

तोच वरच्या काठावर, दाटत्या अंधारात, पांढरेशुभ्र काही हलले. शिंगे न फुटलेले ते इवलेसे डोके आनंदाने डोलत होते. "ताई, बघ! मी पांढरी झाले. आता तुला ताई म्हणू ना?"

"पळ! चिखलात ये!" वगार ओरडली. पण ते पांढरेपण तिच्याआधी आणखी कोणी पाहिले होते. झाडीतून वाघाने झेप घेतली. कळप शिंगे रोखून धावला. तोवर काठ रिकामा झाला होता.

दुसऱ्या दिवशी भुऱ्यांनी आपण होऊन हाक मारली, "ये ना, बस आमच्यात." वगार गेली नाही. ती दरडीपाशी, पांढऱ्या मातीत उमटलेल्या चिमुकल्या खुरांजवळ उभी होती. आई मागून आली. रागावली नाही. तिच्या अंगावरचा वाळलेला चिखल चाटीत एवढेच म्हणाली, "माती धुतली जाते, पोरी..." आणि ती त्या चिमुकल्या खुरांचा वास घेऊ लागली.

तात्पर्य : ईश्वराने दिलेल्या वर्णाची जो लाज धरतो, तो एकटाच बुडत नाही; त्याच्याकडे पाहून चालणारी लेकरेही त्याच वाटेने बुडतात.