गेरूचे पाच ठिपके

सांगा बरं, जुन्या नकाशावर लाल ठिपका दिसला, तर तुमच्या मनात आधी काय येईल? पुरलेलं धन! हो ना?

फार फार वर्षांपूर्वी एका राजाच्याही मनात तेच आलं.

त्या राजाच्या महालात जुन्या नकाशांची एक खोली होती. सगळे नकाशे कापडावर काढलेले. त्यांचा राखणदार एक उतारवयाचा, बुजरा माणूस होता. कसर लागू नये म्हणून तो घड्यांमध्ये कडुनिंबाचा पाला ठेवी, दर महिन्याला त्यांना ऊन दाखवी. त्याला मूलबाळ नव्हतं. जे काही होतं, ते हे नकाशेच.

राजाला महालावर सोन्याचा कळस चढवायचा होता. एक दिवस तो त्या खोलीत आला आणि सर्वांत जुन्या नकाशावर त्याला गेरूचे पाच ठिपके दिसले.

"इथे ना गाव, ना देऊळ. मग हे ठिपके कसले? धनच असणार!" राजा म्हणाला. "पौर्णिमेच्या आत शोधून आण. नाहीतर या चिंध्या मी मशालींना गुंडाळीन."

 राखणदाराने जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी शेजारी पसरले. नदीने पात्र बदललं होतं. जुनी वाट रानात हरवली होती. पण डोंगर थोडेच हलतात! डोंगरांपासून दोरीने अंतरं मोजत त्याने पाचही जागा पक्क्या केल्या आणि कुदळ घेऊन तो निघाला.

पहिल्या ठिपक्यावर धनगराचा मेंढ्या कोंडायचा वाडगा होता. राखणदाराने दिवसभर खणलं. निघाले फक्त दगड. धनगराने त्याला दूध दिलं, पांघरायला घोंगडी दिली. दुसऱ्या जागी नावाड्याने भाकरी-मासळी वाढली. तिसऱ्या, चौथ्या जागीही तसंच झालं. जमिनीत काही मिळालं नाही आणि पोटाला काही कमी पडलं नाही. पण त्याचं लक्ष होतं कुदळीकडे. जेवला, हात धुतले आणि पुढे निघाला.

पाचव्या ठिपक्यावर जांभळाचं मोठं झाड होतं. झाडाखाली एक झोपडी, आणि दारात एक म्हातारी भिंतीला गेरू लावत बसलेली.

"मावशी, तुमच्या अंगणात जरा खणू का?" त्याने विचारलं.

"खण की! पण तिथे नको, इकडे खण. मला अळू लावायचंय, माझं काम आपसूक होईल."

संध्याकाळपर्यंत अळूसाठी छान खड्डा झाला. धन मात्र निघालं नाही. राखणदार मटकन खाली बसला. म्हातारीने ताकाचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला.

"एवढं काय हरवलंय रे बाबा?"

त्याने नकाशा उलगडून ठिपका दाखवला. म्हातारी खूप वेळ बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे खरंच लावला होता त्याने!" ती म्हणाली. "आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. नकाशे काढणारा एक माणूस इथे तापाने फणफणून पडला होता. घरच्या बाईने नऊ दिवस त्याला पेज भरवली. जाताना त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं. म्हणून त्याने भिंतीच्या गेरूत बोट बुडवलं आणि कापडावर टेकवलं. म्हणाला, 'आई, राजाच्या दप्तरात तुझं घर राहील.'"

म्हणजे पाचही ठिपके धनाचे नव्हते, आभाराचे होते! राखणदाराला दूध आठवलं, घोंगडी आठवली, भाकरी आठवली. चार घरी तो जेवला होता, आणि एकाही घराचे आभार मानले नव्हते. त्याने म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अरे, ऊठ! ताकासाठी कुणी पाया पडतं का?" ती हसली. "मागे घोड्यावरून एक तरुण आला होता, वाट चुकलेला. कानात पोवळ्याची भिकबाळी. चार तांबे ताक प्यायला, जांभळाखाली झोपला आणि उठून निघून गेला. कोण होता, देव जाणे! सुखात असो म्हणजे झालं."

परतताना राखणदार चारही घरी थांबला आणि हात जोडून आला. पौर्णिमेला तो राजापुढे उभा राहिला.

"धन मिळालं?" राजाने विचारलं.

"जमिनीत नाही, महाराज." आणि त्याने सगळी हकिगत सांगितली. ताकाची आणि भिकबाळीचीही.

राजाचा हात हळूच कानाकडे गेला. कानात पोवळ्याची भिकबाळी होती.

"ती... अजून आहे?" राजाने विचारलं.

"आहे, महाराज. तुम्ही सुखात असावं, असं म्हणते."

राजाने खाली वाकून नकाशाची घडी स्वतःच्या हाताने घातली. सोन्याच्या कळसाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

म्हणून सांगते, ज्याने आपल्याला तहानेला पाणी दिलं त्याची आठवण ठेवावी, त्या आठवणीएवढं मोठं धन नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाने पाचव्या ठिपक्याशेजारी गेरूचं बोट टेकवलं, आणि तो जांभळाच्या झाडाकडे पायी निघाला.