कोंसूची खाजणातली भट्टी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा खाडीवर पूल नव्हता आणि वाडीत विजेचा दिवाही नव्हता. या वाडीत कोंसू नावाची बाई राहायची. नाताळचे वळसे करावेत ते तिनेच. सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, कुटून गुळात शिजवायची, ते सारण तूप घातलेल्या पोळीवर पसरायचं, पोळीची वळकटी करून चकत्या पाडायच्या आणि भट्टीत खरपूस भाजायच्या. वास सुटला की पलीकडच्या तीरावरची कुत्रीसुद्धा पोहून यायची, असं म्हणतात.

एका वर्षी तापाची साथ आली. कुणी गेलं नाही असं घरच उरलं नाही. कोंसूचा नवरा दुमिंगही गेला, आणि तेव्हापासून तिची लेक रेजीन जेवेना. पेज तोंडाशी नेली की पोर ओठ मिटून घ्यायची. हातापायाच्या काड्या झाल्या. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी ती एवढंच म्हणाली, "आय, वळसा दे."

वाडीची रीत अशी, की दुखवट्याच्या घराने गोडाची भट्टी पेटवायची नाही. गोड आणायचं ते शेजाऱ्याने. पण त्या वर्षी शेजारी दुखवट्यात आणि शेजाऱ्यांचे शेजारीही. आणायचं कुणी, कुणासाठी? रीत मोडली तर गेलेल्या माणसाला वाटेत ठेच लागते, असं सगळे मानत. दुमिंगला ठेच लागावी असं कोंसूला कसं वाटेल? आणि लेकीला उपाशी तरी कसं ठेवायचं?

ती खाडीकडे बघत बसली. ओहोटी लागली होती, भरतीच्या पाण्याखाली जाणारं चिखलाचं खाजण उघडं पडलं होतं. कोंसू उठली, फावडं घेतलं आणि तिथलाच चिखल कालवून भट्टी घालायला लागली. कोवळ्या उन्हात तो चिखल घटकाभरात खणखणीत वाळला, असं म्हणतात.

वाडीतली सगळ्यांत म्हातारी इस्तेरमाय काठी टेकत आली. "गो कोंसू, दुखवट्यात भट्टी मांडलीस?"

"घरात कुठे मांडली, माय? ही जागा भरतीला समुद्राची, ओहोटीला चिंबोऱ्यांची. इथे कुणाचं घर आहे?"

म्हातारीने पदराआडून सुकेळीची जुडी काढली. म्हणजे भांडायला येतानाच ती घेऊन आली होती!

मग कुणी पीठ आणलं, कुणी तूप, कुणी गूळ. बायका पीठ मळताना आपल्या गेलेल्या माणसांची नावं घेत होत्या आणि नावागणिक पीठ वाढत होतं, असं म्हणतात.

पण दुःखात कोंसू तिथी विसरली होती. पौर्णिमा होती, उधाणाची भरती. निखारे फुलले, वळसे आत गेले आणि पाणी धावत आलं. "सोड ती भट्टी!" बायका ओरडल्या. कोंसू भट्टीच्या तोंडापुढे बसून राहिली. पाणी तिच्या कमरेला लागलं. तेव्हा इस्तेरमायने काठी फेकली, पाण्यात शिरली आणि तिला उठवून तिचा हात धरला. मग आणखी हात आले. रेजीनला कडेवर घेऊन तिची मावशी आली. सगळ्या वाडीने भट्टीभोवती रिंगण धरलं आणि पाणी बाहेरूनच गोल गोल फिरत राहिलं. आत थेंब आला नाही. माणसांच्या पायांनी ते अडलं की वासाने थबकलं, ते शहाण्यांनी ठरवावं. भट्टीच्या वाफेत, साथीत गेलेली माणसंही हात धरून उभी होती, असं म्हणतात. कोंसूच्या डाव्या हाताला दुमिंगचा खरबरीत तळवा लागला. तिने तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तो सुटला असता.

पाणी उतरल्यावर इस्तेरमायने पहिला वळसा फुंकून गार केला आणि रेजीनच्या ओठांशी धरला. पोर नुसता वास घेत राहिली. मग तिने तुकडा मोडून तोंडात घातला. नवरा गेला तेव्हा न रडलेली कोंसू तिथे चिखलात बसून ढसाढसा रडली.

अजूनही नाताळच्या आदल्या दिवशी वाडी खाजणात कोंसूची भट्टी घालते. भरती ती दरवर्षी नेते, वाडी दरवर्षी नवी घालते. आपण वळलेला वळसा आपण खायचा नाही, शेजाऱ्याला भरवायचा. पहिला मान त्या वर्षी ज्याचं माणूस गेलं त्याचा. तो खाईपर्यंत कुणी खात नाही. कधी कधी त्याला फार वेळ लागतो. पाणी घोट्याला लागतं, लेकरं चुळबुळतात, तरी कुणी त्याला घाई कर म्हणत नाही.