त्याचं भांडं भरलेलं होतं

“किल्ली लापोला देणार, हे खरं आहे, बाबा?”

“खरं आहे.”

“का?”

बाबा एजिदिओ उन्हात बसून वेल छाटायची कात्री पुसत होते. ते पुसतच राहिले.

टस्कनीतल्या एका टेकडीवर त्यांचा मठ होता. उतारावर द्राक्षमळे, आणि मठाच्या माळ्यावर सणाच्या वाईनची पिंपं. माळ्याची किल्ली चाळीस वर्षं बाबांच्या कमरेला होती. आता गुडघे जिना चढेनात, म्हणून ती कुणाला तरी सोपवायची होती.

अन्सेल्मो अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली राबत होता. लापो धनगराचा मुलगा, सातच वर्षांपूर्वी आलेला. किल्ली आपलीच, असं अन्सेल्मो धरून चालला होता.

“त्याची वाईन चांगली होणार, म्हणूनच ना? होईल नाही तर काय! आई त्याला जास्त दिलीत तुम्ही.”

इथे थोडं सांगायला हवं. वाईन उपसल्यावर पिंपाच्या तळाशी जो दाट गाळ उरतो, त्याला तिकडे आई म्हणतात. नव्या रसात ती आई घालायची, पिंप मेणाने बंद करायचं आणि सहा वर्षं त्याला हात लावायचा नाही. आपलं विरजणच म्हणा, फक्त धीर जास्त लागतो. सहा वर्षांपूर्वी बाबांनी एकाच पिंपातली आई या दोघांना एकेका पिंपासाठी वाटून दिली होती.

“अर्धी अर्धी दिली होती,” बाबा म्हणाले.

“त्याचं भांडं भरलेलं होतं. मी पाहिलं.”

“अजून आठवतं?”

“रोज आठवतं.” अन्सेल्मोचा आवाज चिरकला. “प्रार्थनेला गुडघे टेकले तरी तेच भांडं समोर येतं. तो नुसता हसला तरी माझ्या पोटात दुखतं. आणि त्याची वाईन... पहिल्याच वर्षी मधासारखी लागत होती, बाबा!”

कात्री थांबली.

“लागत होती?”

अन्सेल्मोने मान खाली घातली. पिंपं उघडायला अजून चार दिवस होते.

“चल वर,” बाबा म्हणाले.

त्याच्या खांद्याचा आधार घेत ते एकेक पायरी चढले. कुलूप काढलं.

दोन पिंपं शेजारी शेजारी होती. अन्सेल्मोच्या पिंपावर बोटभर धूळ, मेणावर कोळ्याचं जाळं. लापोच्या पिंपाचं मेण ताजं, त्यावर बोटांचे ठसे. वर छपरातलं एक कौल सरकलेलं होतं, तिथून उजेड येत होता.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं आपण म्हणतो. या गड्याने ते शब्दशः केलं होतं.

बाबांनी आधी लापोच्या पिंपातून पेला भरला. अन्सेल्मोने घोट घेतला आणि डोळे मिटले.

“हीच. गेली दोन वर्षं अशीच लागते. थोर वाईनची चव.”

“हे व्हिनेगर आहे,” बाबा म्हणाले.

“आंबट लागायची,” अन्सेल्मो पुटपुटला. “मला वाटलं, थोर वाईन अशीच असेल.”

“दर खेपेला तू थोडी हवा आत सोडलीस.”

मग दुसरं पिंप. गुळाच्या पाकाचा रंग. माळाभर मनुकांचा वास सुटला. अन्सेल्मोने घोट घेतला आणि बराच वेळ गिळलाच नाही.

“ही... माझी?”

“तुझी.”

“सहा वर्षांत मी एकदाही उघडलं नाही ते.”

“का?”

“त्याच्याहून वाईट निघाली असती तर...” त्याला रडू फुटलं. पण रडता रडता नजर बाबांच्या कमरेकडे गेली. खोटं कशाला सांगू, गेलीच.

“मग किल्ली...?”

“तुला किल्ली कशाला? तुझं कौलांवरून बरं चाललंय की.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“माझी खाट या माळ्याच्या बरोबर खाली आहे. पहिल्या वर्षी तू भिंतीवरच्या वेलीला धरून चढायचास. पुढे तिथे शिडी असायची.”

“गवंडी विसरून गेले असतील, असं मला...”

“पाच वर्षांत मठात गवंडी आलेला नाही.”

अन्सेल्मोने सरकलेल्या कौलाकडे पाहिलं.

“शिडी लापो ठेवायचा,” बाबा म्हणाले. “म्हणाला, वेल तुटून पडेल तो.”

खालच्या मळ्यात लापो वेली बांधत गुणगुणत होता. ते ऐकून अन्सेल्मोला पुन्हा दुखलं. पण या वेळी पोटात नाही.

“त्याच्या पिंपातली आई गेली,” बाबा म्हणाले. “आंबलेली आई कामाची नाही. नव्या रसाला त्याला दुसरी लागेल. ती तुझ्याच पिंपातून निघेल.”

कोनाड्यात ती जुनी दोन भांडी होती. अन्सेल्मोने लापोचं भांडं उचललं. ते उलटसुलट करून पाहिलं. त्याच्या स्वतःच्या भांड्याएवढंच होतं.

“किती देऊ, बाबा?”

बाबा जिन्याकडे वळले होते. पाठमोरेच म्हणाले,

“त्या दिवशी यात तुला दिसली होती, तेवढी.”