दाजी आणि बंद पाठीचे तीन हेडफोन

बोरखिंड नावाच्या गावात एक भोळा दाजी होता. भोळा हा शब्द गावाचा. गावातले लोक सभ्य होते, म्हणून भोळा म्हणत.

त्याचं नाव निवृत्ती. त्याच्या बायकोचा भाऊ दिगंबर याने गावात गाणी रेकॉर्ड करायचा छोटा स्टुडिओ काढला होता. एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या, एक यंत्र आणि एक माइक. बहिणीच्या नवऱ्याला घरी बसवून ठेवलं तर बहीण रोज माहेरी येऊन रडणार, म्हणून दिगंबरने दाजींना स्टुडिओत ठेवून घेतलं. आता रडायची पाळी दिगंबरवर आली. पण बहिणीचा नवरा पडला, अरेतुरे करता येत नाही, काढून टाकता येत नाही. जे काही बोलायचं ते 'दाजी' आणि 'तुम्ही' लावूनच.

त्या साली गावावर एक मोठं काम आलं. शेवंताबाई हळदीची गाणी म्हणायच्या. पंचक्रोशीतलं एकही लग्न त्यांच्या आवाजाशिवाय झालेलं नव्हतं. आता त्या थकल्या होत्या आणि कायमच्या लेकीकडे इंदूरला निघाल्या होत्या. गावाने ठरवलं, बाई जाऊ देत, आवाज इथे राहिला पाहिजे. दिगंबरने छाती फुगवून शब्द दिला, "आवाज मी ठेवून घेतो."

शब्द दिला आणि मग त्याने स्टुडिओतला हेडफोन उचलून पाहिला. त्याच्या गाद्यांचं काळं साल सुटत होतं. घालणाऱ्याच्या कानाला असं चिकटे, की गायक बाहेर पडला की काजळ लावलेल्या तान्ह्या बाळासारखा दिसे. नवा घ्यायला हवा होता आणि भारी घ्यायची ऐपत नव्हती. तालुक्याच्या दुकानदाराने तीन स्वस्तातले हेडफोन पारखायला दिले. एक काळा, एक पांढऱ्या पट्टीचा, एक लाल गाद्यांचा.

"दाजी," दिगंबर म्हणाला, "हे तिन्ही बंद पाठीचे आहेत."

निवृत्तीने तिन्हींच्या पाठीवर टकटक केलं. "बंदच आहेत. आत कुणी नाही."

"तसं नव्हे. आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही, म्हणून बंद पाठीचे. तुम्ही एकेक कानाला लावा, नीट ऐका आणि कोणाचा आवाज कसा आहे ते सांगा. मी जेवून येतो."

निवृत्तीचे कान मोठे होते. एवढ्यावरून दिगंबरने त्याला आवाजातलं कळत असेल असं धरलं. शिकलेली माणसं अशा पुराव्यावरून बरंच काही धरून चालतात.

दिगंबर जेवून आला.

"काय दाजी, कसा आहे आवाज?"

"तिन्ही गुणी आहेत. एकही बोलत नाही. लाल तर फारच शांत."

दिगंबरने पाहिलं, तिन्हींच्या वायरी जमिनीवर लोळत होत्या.

"अहो दाजी, वायर जोडली का?"

"लावा म्हणालात, लावला. ऐका म्हणालात, ऐकलं. जोडा कुठे म्हणालात?"

"वायर जोडल्याशिवाय काही ऐकायचं नाही. लक्षात ठेवा."

"हे आधी सांगायचं होतं," निवृत्ती म्हणाला आणि लक्षात ठेवलं. त्याचं तेच वाईट होतं. तो लक्षात ठेवत असे.

दुपारी दिगंबर तालुक्याला गेला आणि शेवंताबाईंच्या शेजारीण राधाकाकू स्टुडिओच्या दारात आल्या.

"निवृत्ती, एक निरोप आहे, ऐक."

"थांबा काकू. वायर जोडल्याशिवाय ऐकायचं नाही."

निवृत्तीने काळा हेडफोन कानाला लावला आणि वायरीचं टोक काकूंच्या हातात दिलं. काकूंनी ते उलटसुलट पाहिलं. त्यांना वाटलं, नवीन काहीतरी निघालं असेल. त्यांनी टोक कमरेला खोचलं आणि निरोप सांगितला. हातवारे करून सांगितला, पुन्हा एकदा सांगितला, वायर सोडवली आणि घरी गेल्या.

दिगंबर आला तेव्हा निवृत्ती खुशीत होता.

"दिगंबरराव, काळा घ्या. राधाकाकू समोर उभ्या राहून एवढं बोलल्या, एक अक्षर आत आलं नाही."

"काय म्हणाल्या?"

"तेच तर सांगतोय. ऐकूच आलं नाही."

दिगंबरने कपाळ चोळलं. "दाजी, माणूस दारात आला की आधी डोक्यावरचं काढायचं. मग बोलायचं."

"हे आधी सांगायचं होतं."

दिगंबरने उठून जाऊन काकूंना विचारायला हवं होतं. पण काकूंचा निरोप म्हणजे मिरच्या वाळवण्याबद्दल असणार, असं त्याला वाटलं. हुशार माणूस निरोप न ऐकताच ओळखतो.

जरा वेळाने सरपंच आले. मोठा फेटा, झुपकेदार मिश्या. शेवंताबाईंच्या निरोप समारंभाचं बोलायला आले होते आणि गावातली चार मोठी माणसं बरोबर होती. ते दारात उभे राहिले. निवृत्ती पुढे झाला, नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी सरपंचांचा फेटा उचलून बाजूला ठेवला.

"आता बोला," निवृत्ती म्हणाला.

फेट्याखाली काय आहे हे बोरखिंडीत सरपंचांच्या बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तिथे काहीच नव्हतं. चारही मोठ्या माणसांना त्याच वेळी आभाळ बघावंसं वाटलं.

दिगंबरने फेटा परत बसवला, माफी मागितली, चहा पाजला. पाहुणे गेल्यावर तो दातओठ खात पण 'दाजी' म्हणत बोलला, "दाजी, डोक्यावर काय आहे ते काढत बसायचं नसतं. डोक्यावर काही आहे हे विसरून जायचं."

"हे आधी सांगायचं होतं."

"आता एक सोपं काम. हा पांढऱ्या पट्टीचा घाला. आवाज नको, आराम बघायचाय. डोकं दाबतं का, कान तापतात का. घालून आपली रोजची कामं करा."

निवृत्तीने पट्टीचा हेडफोन घातला, वायर सदऱ्यात कोंबली आणि डोक्यावर काही आहे हे विसरून गेला. गाईला पाणी दाखवलं, दळण आणलं. गावातल्या कुणी विचारलं, "डोक्यावर काय?" की तो प्रामाणिकपणे म्हणे, "आठवत नाही." मग उकडायला लागलं. रोज संध्याकाळी तो विहिरीत पोहायचा. त्याने सदरा काढला, कठड्यावर चढला आणि उडी मारली.

तो निथळत स्टुडिओत आला. हेडफोनच्या दोन्ही गाद्यांतून पाणी ठिबकत होतं.

"एकदम आरामाचा आहे," निवृत्ती म्हणाला. "डोकं दाबत नाही. कान तर गार पडलेत."

दिगंबर उठून अंगणात गेला. बोलायला लागलो तर दाजीपणाचं भान राहणार नाही, हे त्याला कळत होतं. बहिणीने हेडफोन दोरीवर वाळत घातला. तिला तेवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताबाई काठी टेकत दारात उभ्या.

"बाई, तुम्ही सोमवारी येणार होतात ना?" दिगंबर गडबडला.

"राधाने निरोप दिला की काल. लेक लवकर आली, उद्याच निघायचंय. आज संध्याकाळी समारंभ. सरपंचांना पण कळवलंय. ते तुझ्याकडून आले ते डोक्याला पंचा गुंडाळून झोपलेत म्हणे."

आता वेळ नव्हता. दिगंबरने घाईघाईने लाल हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि आतून मोठ्याने गाणं सोडलं.

"दाजी, जवळ या. बाहेर काही ऐकू येतं?"

"डास गुणगुणतोय."

मग काळा लावला. "आता?"

"डास मेला."

"म्हणजे लाल बाद. त्याचा आवाज बाहेर गळतो, माइकमध्ये शिरेल. नियम साधा आहे दाजी. ज्याच्यातून बाहेर कमी आवाज येतो, तो चांगला. तो ठेवायचा, बाकीचे काढून टाकायचे."

निवृत्तीने काळा ठेवला आणि लाल खोक्यात घालून परत पाठवायला बाजूला काढला. काम अगदी बरोबर झालं. दिगंबरला तिथेच धास्ती वाटायला हवी होती.

शेवंताबाईंनी काळा हेडफोन घालून पाहिला. "घट्ट आहे रे. पण उशीवर डोकं ठेवल्यागत वाटतं." त्या माइकपुढे जरा गुणगुणल्या आणि दचकल्या. आयुष्यभर लोकांना ऐकवलेला आवाज त्यांना पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकू आला होता.

"ही कोण बाई?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, बाई."

"बरी गाते की," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले.

मग त्या गायल्या. पहिल्यांदा गायल्या तेव्हा चांगलं झालं. दुसऱ्यांदा असं झालं की दिगंबरला त्याच्या बहिणीची पाठवणी आठवली आणि दाजी समोर बसलेले असूनही त्याचे डोळे भरून आले. तिसऱ्यांदा यंत्र सुरू झालं, पण बाई दमल्या होत्या. नुसत्या बसून राहिल्या. बांगडी हलली, खुर्ची करकरली, बाकी काही नाही.

"पुरे बाई, मी घरी सोडतो," दिगंबर उठला. "दाजी, तीन गाणी झालीत. नीट ऐका. चांगलं असेल ते ठेवा, बाकीची काढून टाका. संध्याकाळी तेच वाजवायचंय."

हे काम दाजींवर कसं सोपवलं, असं नंतर पुष्कळांनी दिगंबरला विचारलं. त्यालाही सांगता आलं नाही. घाईत असला की शहाणा माणूस जवळच्या माणसावर विसंबतो, आणि जवळ दाजी होते.

निवृत्तीने सगळं नीट केलं. आधी वायर जोडली. मग गाणी मोठ्या स्पीकरवर लावली आणि बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. पहिल्यातून बाहेर फार आवाज येत होता. दुसऱ्यातून तर इतका, की रस्त्यातली माणसं थांबली. तिसऱ्यातून काहीच नाही. नियम साधा होता. त्याने तिसरं ठेवलं.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सगळा गाव जमला. शेवंताबाई नवं लुगडं नेसून खुर्चीत बसल्या. सरपंच फेट्याला दोन पिना मारून आले. यंत्र स्टेजवर एका पाटावर ठेवलं होतं, शेजारी निवृत्ती बसला होता. दिगंबरने चार शब्द बोलून गाणं लावलं.

शांतता.

लोकांनी माना खाली घातल्या. एक बांगडी वाजली. हेडमास्तर शेजाऱ्याला म्हणाले, "केवढं स्वच्छ रेकॉर्डिंग आहे." खुर्ची करकरली. सरपंचांनी "वा" म्हटलं. गाणं अजून सुरू व्हायचंय की होऊन गेलं, हे कुणालाच कळेना आणि विचारायला कुणी तयार नव्हतं. शेवटी शेवंताबाईच म्हणाल्या, "अरे, माझा आवाज कुठाय?"

दिगंबरने वळून पाहिलं. "दाजी, बाकीची दोन?"

"काढून टाकली. बाहेर फार आवाज येत होता."

दिगंबरचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. गावासमोर, बहिणीसमोर तो म्हणाला, "दाजी, आजपासून माझ्या यंत्राला हात लावायचा नाही. काहीही झालं तरी हात लावायचा नाही."

"हे आधी सांगायचं होतं," निवृत्ती म्हणाला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला. त्याला वाईट वाटलं होतं. एवढं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, तरी माणूस रागावतो.

"त्याला कशाला बोलतोस?" शेवंताबाई काठीवर जोर देऊन उठल्या. "मी अजून आहे ना जिवंत? गाते. घे पुन्हा."

दिगंबरने माइक उचलला. बाई डुलत होत्या, म्हणून एका हाताने त्यांचा दंड धरला, दुसऱ्या हाताने माइक त्यांच्या तोंडाशी धरला. शेवंताबाईंनी डोळे मिटले. समोर सगळा गाव होता. त्यांनीच हळद लावून पाठवलेल्या लेकी पोरांना कडेवर घेऊन बसल्या होत्या. बाईंनी आवाज लावला,

"लेक निघाली सासरी गं..."

सकाळचं दुसरं गाणं याच्यापुढे काहीच नव्हतं. बायका रडायला लागल्या. सरपंचही रडले. असं गाणं पुन्हा होणार नव्हतं आणि यंत्र बंद होतं. दिगंबरचे दोन्ही हात अडकलेले.

"दाजी," तो दातांतून पुटपुटला, "लाल बटण. दाबा. लवकर."

निवृत्तीने पाठीमागचे हात पुढे आणून पाहिले. हात लावायचा नव्हता. बटण तर दाबायचं होतं. जन्मात पहिल्यांदाच त्याने स्वतःच्या डोक्याने विचार केला. त्याने चप्पल काढली, पाय पुढे केला आणि अंगठ्याने लाल बटण दाबलं. दिवा लागला. यंत्र सुरू झालं. दिगंबरने सुटकेचा श्वास सोडला, डोळे मिटले आणि गाणं संपेपर्यंत उघडले नाहीत.

गाणं संपलं. दिगंबर धावत यंत्राकडे आला. दिवा विझलेला. त्याने काय आलंय ते लावून पाहिलं. मोठ्या स्पीकरमधून सगळ्या गावाला शेवंताबाईंचा आवाज ऐकू आला. "गं." तेवढंच.

"दाजी," दिगंबर म्हणाला. त्याला रागवायचंही त्राण नव्हतं. "तेच बटण पुन्हा दाबलं की यंत्र थांबतं. पुन्हा कुणी दाबलं?"

"मी हात लावला नाही," निवृत्ती म्हणाला. त्याच्या कपाळावर बटणाचा गोल वळ उमटला होता. "यंत्राला पाय लागला होता दिगंबरराव. नमस्कार करायला नको? हातांनी करता येईना, म्हणून डोकं टेकवलं."