खाडीत गेलेले मीठ

ही कथा मी गेल्या वैशाखात, आंबेखोल बंदराच्या धक्क्यावर भरतीची वाट पाहत असताना, निवृत्त तांडेल दाऊदचाचा यांच्याकडून ऐकली. कोणत्या सालची, असे विचारल्यावर ते म्हणाले, "मीठ भिजलं त्या सालची." मी तेही टिपून घेतले.

तर त्या साली मिठाचे एक गलबत खाडीत शिरले आणि फुटक्या फळीतून गळू लागले. खलाशांनी तळातले पाणी उपसून खाडीत टाकले. त्याबरोबर विरघळलेले मीठही गेले. धक्क्यावर पोती वजनाला कमी भरली. मीठ हमालणींनीच लांबवले, असा संस्थानच्या राजेसाहेबांचा ग्रह झाला. ओहोटी लागण्यापूर्वी गेलेले मीठ आणून द्या, नाहीतर उद्यापासून बंदरावर बाहेरगावचे हमाल येतील, असा त्यांनी हुकूम सोडला.

हमालणी बायांच्या चुली बंदरावरची ओझी वाहूनच पेटत. त्यांची मुकादमीण सगुणा पुढे झाली. तिने अदबीने विचारले, की गलबतातून खाडीत पडलेला माल कोणाचा? याबाबतचा दंडक राजेसाहेबांनीच घातला होता आणि त्याच्या जोरावर आदल्या महिन्यात एका गलबतातून खाडीत पडलेली कौले स्वतःच्या तबेल्यावर चढवली होती. ते ताठ्याने म्हणाले, "खाडीत पडेल ते सरकारचं. दुसऱ्या कोणी काढलं तर ती चोरी!"

"मग सरकार, तुमचं मीठ तुम्हाला पोचलंय. आम्ही ते काढलं तर चोर ठरू."

राजेसाहेब गडबडले, पण हार मानणे त्यांच्या स्वभावात नव्हते. "खाडीचं पाणी मुळातच खारट. त्यातलं माझं मीठ कोणतं, हे मी ओळखू कसं?"

"सोपं आहे, सरकार. समुद्राचं मीठ तेवढं वेगळं काढून त्याला परत करा. उरेल ते तुमचं."

राजेसाहेब खाडीकडे बघत राहिले, मग तबेल्याकडे, आणि पोट धरून हसले. "दंडक मी घातला आणि त्यात अडकलोही मीच!" बंदरावरची ओझी त्यांनी सगुणाच्या बायांकडे कायमची ठेवली, तिला एक पोते मीठ बक्षीस दिले, आणि ते तिच्या डोक्यावर चढवायला स्वतः हात लावला.

त्या हाताने पोते खरोखर उचलले गेले का, याची खातरजमा मला कधीच करता आली नाही. मी स्वतः तसा प्रयोग केला. पोते जागचे हलले नाही. परंतु एका उदाहरणावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. धक्क्यावरच्या बायांना विचारले, तर त्या उत्तर देण्याऐवजी मला पुन्हा एकदा उचलून दाखवायला सांगतात.